नळीची लांबी

कानाच्या आतला आवाज मोजायला सुईएवढ्या नळीचे मायक्रोफोन बनवण्यात साहेबांची वीस वर्षं गेली होती. नव्या नळीची मोजमापं चुकायला लागली, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत नळ्या घडवणाऱ्या बाईंवर खापर फोडलं. बाईंनी नऊ वेळा नळी नव्याने घडवली. शेवटी चूक सापडली ती साहेबांच्याच वहीत. त्यांनी नळी लांब केली होती, पण आकडेमोड जुन्याच लांबीची ठेवली होती.

ते कार्यशाळेत गेले. "बाई, चूक माझीच होती."

"ठाऊक आहे, साहेब. पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं मी तुम्हाला."

त्यांनी आठवून पाहिलं. बाई दारात उभ्या होत्या, एवढंच आठवलं. त्या काय बोलल्या, ते काही केल्या आठवेना.

बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली, पण बाईंकडे बघायचं धाडस झालं नाही.