रॉकेलच्या डब्यातला सूर

"अजून एकदा उघडून बघू," असं म्हणत आमच्या शेजारचे मास्तर उजव्या हाताने पेचकस उचलत आणि डावा हात पायजम्याच्या खिशात घालत. हा त्यांचा नियम होता. चालू यंत्रात दोन्ही हात गेले आणि चुकून दोन ठिकाणी टेकले, तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाते. पण सवय इतकी मुरली होती की घड्याळ असो, कुलूप असो, स्टोव्ह असो, त्यांचा डावा हात आपोआप खिशात जाई. आमच्या लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकणसुद्धा त्यांनी एकदा एकाच हाताने काढायचा प्रयत्न केला होता. बरणी तुमच्या आजोबांनी धरली, म्हणून वाचली.

मुलांनो, हे जळगावचं सांगते आहे. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझं नवीन लग्न झालेलं. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि आम्ही मेहरूणच्या बाजूला एका चौकाच्या घरात भाड्याने राहत होतो. चौकात तीन बिऱ्हाडं. एक आमचं, एक आबांचं आणि एक मास्तरांचं. आबा जिनिंग फॅक्टरीतून निवृत्त झालेले, एक म्हैस बाळगून होते आणि सगळ्या चौकावर लक्ष ठेवून असत. मास्तर मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची आई. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो.

अक्का भडगावकडच्या, गिरणाकाठच्या. बोलणं सगळं अहिराणी. खानदेशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेल. तिच्या नैवेद्याच्या जाड गोड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, गहू घरच्या जात्यावर दळायचे आणि दळताना बायकांनी कानबाईची गाणी म्हणायची. ही गाणी अक्कांना पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने, चालींसकट येत. आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला येत नसत. पण मी त्या घरात गेले तोवर अक्कांनी गाणं सोडलं होतं. एक कान पूर्ण गेला होता, दुसरा जात होता. तोही फार दिवस राहणार नाही, असं डॉक्टरांनी मास्तरांना सांगितलं होतं.

मी एकदा त्यांना गाण्याचा आग्रह केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "माले मनाच आवाज ऐकू येत नही, मी गाऊ कशी?"

त्यांना स्वतःचा सूर सापडत नव्हता. भलत्या सुरात गाण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, असा त्यांचा हिशेब.

मास्तरांकडे एक गिटार होती. भुसावळचा एक अँग्लो-इंडियन गार्ड देश सोडून जाताना त्यांना देऊन गेला होता. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादाची कांडी सरकवायची, म्हणजे सूर एकातून दुसऱ्यात घसरत जातो, अगदी माणसाच्या गळ्यासारखा. लहानपणी कानावर पडलेल्या कानबाईच्या चाली मास्तरांना अर्ध्यामुर्ध्या आठवत होत्या, त्या ते तिच्यावर वाजवत. अक्कांना ऐकू जायचं नाही. म्हणून मास्तरांनी ठरवलं, आवाज मोठा करायचा.

बाजारात तयार यंत्र मिळायचं नाही, आणि मिळालं असतं तरी त्यांनी ते आधी उघडलं असतं. मोडक्या रेडिओंचे व्हॉल्व्ह त्यांनी जमवले. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचे छोटे दिवे. आतली तार तांबूस तापली की ते बारीक आवाजाचा मोठा आवाज करतात. रॉकेलचा डबा कापून सरळ केला आणि त्याच्या पत्र्यावर ते बसवले. तारांची थरथर टिपायला जुन्या टेलिफोनमधलं लोहचुंबक गिटारीच्या तारांखाली आलं. स्पीकरला खोकं आंब्याच्या फळ्यांचं. चौकात तारा डागायच्या राळेचा आणि कथलाचा वास दरवळू लागला. आबा म्हणाले, "मास्तर, या वासाने माझी म्हैस आटणार!"

यंत्र तयार झालं; आम्ही त्याला डबाच म्हणायचो. अक्कांना खोक्याजवळ पाटावर बसवलं. मास्तरांनी पहिली ओळ वाजवली. आवाज मोठा होता, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल इतका. पण फाटका होता. पतंगाचा कागद ओला होऊन फडफडावा तसा. अक्कांनी इकडेतिकडे पाहिलं.

"कोन भांडा घसी ऱ्हायनं रे?"

आम्हाला हसू आलं. मास्तर हसले नाहीत. "अजून एकदा उघडून बघू," म्हणाले.

त्यांनी आणखी एक व्हॉल्व्ह वाढवला. आवाज दुप्पट झाला आणि चौपट फाटला. अक्का पाटावरून उठून स्वयंपाकघरात गेल्या. मग मास्तरांनी स्पीकर बदलला, खोकं बदललं, शाळेला सुट्टी लागली तेव्हा दिवसच्या दिवस डब्यापुढे मांडी घालून बसले. तुमचे आजोबा म्हणाले, "मास्तर, जरा विश्रांती घ्या." ते म्हणाले, "मी घेईन हो. तिचा कान घेणार आहे का?"

त्यानंतर त्यांना कुणी थांबवलं नाही.

उत्तर सापडलं ते अक्कांच्याच तोंडून. एका दुपारी आबा ओसरीवरून अक्कांना काहीतरी विचारत होते. म्हशीच्या वैरणीचं असावं. बहिऱ्या माणसाशी आपण सगळे बोलतो तसंच, घसा फोडून. दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा ओरडले. अक्का चिडल्या. "आरडू नको रे! नीट बोल!"

मास्तर डब्यापुढून उठले आणि माझ्या दारात आले.

"बाई, ऐकलंत?"

"काय?"

"तिला मोठा आवाज नकोच आहे. मोठा तर आबांचाही आहे. तिला शब्दाची कड लागते. आणि मी इतके दिवस हा डबा नुसता ओरडायला शिकवतोय."

त्या दिवसापासून मास्तर यंत्रात घालायचे थांबले आणि काढू लागले. वाढवलेला व्हॉल्व्ह काढला. पहिल्या व्हॉल्व्हचा जोर कमी केला. मग त्यांनी एक नवीन तार जोडायची ठरवली. ती त्यांनी मला समजावून सांगितली, आणि तिचं मर्म माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षिकेलाही कळलं. स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजातला थोडासा भाग मागे फिरवायचा आणि सुरुवातीच्या आवाजात उलटा करून मिसळायचा. म्हणजे यंत्र आपण काय बोलतो आहोत ते स्वतःच ऐकतं, आणि जिथे भरकटतं तिथे स्वतःला आवरतं.

"फक्त दोन टोकं आहेत. सरळ लागली तर आवरेल," मास्तर म्हणाले.

"आणि उलटी लागली तर?"

"तर कळेलच."

कळलं. बटण दाबलं, व्हॉल्व्ह तापले, आणि डब्यातून अशी किंकाळी निघाली की चौकातल्या लिंबावरचे कावळे एकदम उडाले. आबांची म्हैस दावं तोडून रस्त्यावर गेली. आबा एका हाताने धोतर सावरत तिच्यामागे पळाले. पळता पळता ओरडत होते, "मास्तर, आधी लग्न करा! बायको असती तर हे सगळं बाहेर फेकलं असतं!" मास्तरांनी बटण बंद केलं. चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही. दोन टोकांची अदलाबदल करून त्यांनी कथलाचे डाग पुन्हा दिले, फुंकर घातली आणि मला म्हणाले, "बाई, अक्काला बोलवा."

अक्का यायला तयार नव्हत्या. मी हात धरून आणलं. पाटावर बसल्या आणि पदराची घडी घालत राहिल्या. यंत्र चालू झालं. या वेळी काहीच ऐकू येईना. ना गुणगुण, ना खरखर. म्हैस बांधून परत आलेले आबा दारातून म्हणाले, "गेलं! बंदच पडलं."

मास्तरांनी कांडी तारेवर टेकवली आणि ओळ वाजवली.

आवाज पूर्वीपेक्षा लहान होता. पण एकेक सूर सुटा होता, धुऊन पुसून ठेवल्यासारखा. कुठून सुरू झाला, कुठे घसरला, कुठे थांबला, सगळं कळत होतं. अक्कांचे हात पदरावर थांबले. त्या पुढे सरकल्या, चांगला कान खोक्याला लावला आणि डोळे मिटले. मास्तर दुसऱ्या ओळीवर गेले. 

अक्कांनी खोक्यावर चापट मारली. "चुकना तू! आठे आवाज खाले येस."

जिथे सूर खाली उतरायला हवा, तिथे मास्तर वरच राहिले होते.

"आखो वाजाड."

त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा चुकलं. आता मला वाटतं, डोळे भरल्यामुळे त्यांना तारा नीट दिसत नसाव्यात. अक्कांचा धीर सुटला. त्यांनी ती ओळ स्वतः म्हणून दाखवली. आवाज सुरुवातीला डळमळला, मग गिटारीचा सूर त्यांना सापडला आणि त्याला धरून त्या पुढे गेल्या. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

त्या श्रावणात कानबाईचे गहू आमच्याच चौकात दळले गेले. मास्तर दर ओळीला सूर देत आणि अक्का गात. गल्लीतल्या बायका जात्याभोवती दाटीने बसलेल्या. पुढच्या वर्षी अक्कांचा उरलेला कानही पूर्ण गेला. मास्तरांनी कसलीही तार बदलली तरी उपयोग होणार नव्हता, आणि त्यांनी ती बदलली नाही. पण मधल्या काळात, रोज संध्याकाळी, एकेक गाणं, त्यांनी आईकडून बठ्ठं, म्हणजे सगळंच्या सगळं, घेतलं होतं.

अक्का गेल्यावर मास्तरांची धुळ्याला बदली झाली. काही वर्षांनी मी परीक्षेच्या कामाने धुळ्याला गेले तेव्हा पत्ता विचारत त्यांच्या घरी गेले. श्रावण होता. आतल्या खोलीत शेजारच्या चार बायका जातं ओढत होत्या आणि मास्तर उंबऱ्यावर बसून, आपल्या खरखरीत, सूर नसलेल्या गळ्याने त्यांना ओळ सांगत होते. गिटार कुठे दिसली नाही. मला पाहून ते मान हलवून हसले, पण थांबले नाहीत. मध्येच त्यांना खोकला आला. जातं थांबलं. घामाने भिजलेली, गल्लीतलीच कुणाची तरी सून खुंटा तसाच धरून त्यांच्याकडे पाहत राहिली. "पुढे काय शे, भाऊ?"

मास्तरांनी पाण्याचा घोट घेतला आणि पुढची ओळ सांगितली.