ताई आणि मॅडम

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणायचे. एकच जण मॅडम म्हणायचा, तो तिचा सख्खा धाकटा भाऊ.

परदेशी दारू मागवून हॉटेलांना पुरवणारी आमची कंपनी. कुठलीही स्कॉच घ्यायची तर आधी दोघांनी चाखायची आणि दोघांनी 'घ्या' म्हटलं तर घ्यायची, अशी मालकांची पद्धत. ती दोघं म्हणजे हे बहीण-भाऊ. मी नमुने लावायचो, ग्लास धुवायचो आणि दोघांमधलं हवामान बघून खिडकी उघडायची की नाही ते ठरवायचो.

भावाला या धंद्यात तिनंच आणलं होतं. डोळ्यांवर रुमाल बांधून त्याला लवंग, ओलं लाकूड, जुनं चामडं, मध असे वास ओळखायला शिकवले होते. पुढे आई अंथरुणाला खिळली. तिचं सगळं ताईनं केलं. हा महिन्यातून एकदा संत्री घेऊन यायचा आणि दारातूनच परत जायचा. आई गेली त्या दिवशी भरल्या घरात तो म्हणाला, "हिनं आईला माणसांत येऊच दिलं नाही. शेवटचं कळवलंसुद्धा नाही." ताई म्हणते, तीन फोन केले, त्यानं उचलले नाहीत. खरंखोटं मला ठाऊक नाही. पण त्यानंतर दोघांत विस्तव जात नव्हता.

चाखायच्या खोलीत अत्तर लावून यायचं नाही, हा साधा नियम. एके सकाळी भाऊ अंगभर अत्तर फवारून आला. ताईनं सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आम्ही दिवसभर कुडकुडलो. दुसऱ्या दिवशी ती कच्चा लसूण चावून त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. मालकांनी दोघांना बोलावून झापलं. दोघांनी ऐकून घेतलं, फक्त एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग ती सिंगल मॉल्ट आली. एकाच भट्टीची, बारा वर्षं शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली. हॉटेलवाले तिच्यासाठी मालकांच्या मागे लागले होते, म्हणून मालक स्वतः येऊन बसले.

मी तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळते असे ग्लास भरले. ताईनं ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघितला, कलता करून काचेवरून ओघळणाऱ्या धारा बघितल्या. मग तोंड किंचित उघडं ठेवून वास घेतला. असं केलं की अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. एक घोट जिभेवर फिरवून गिळला आणि मागे राहणाऱ्या चवीची वाट पाहत बसली.

"मनुके आहेत. अक्रोड आहे," ती म्हणाली. "आणि गंधक आहे. पिंप बिघडलेलं आहे. घेऊ नका."

भावानं ग्लास फिरवला. "गंधक कुठलं? तो धूर आहे. हीच तर तिची मजा."

"पाणी घाल," ताई मला म्हणाली.

मी दोन्ही ग्लासांत चार-चार थेंब टाकले. पाणी पडलं की दारूतलं लपलेलं वर येतं. यावेळी मलासुद्धा आला तो वास, नुकत्याच विझवलेल्या काडेपेटीच्या काडीचा.

"आता?" ताईनं विचारलं.

भावानं पुन्हा हुंगलं. क्षणभर त्याच्या भुवया जवळ आल्या. मग तो मालकांकडे वळला. "मला नाही येत. काही लोकांना कशातही खोट दिसते. माणसांतसुद्धा."

"आणि काहींना समोर सडत असलं तरी दिसत नाही," ताई म्हणाली. "दारातून परत फिरणाऱ्याला आतलं काय कळणार?"

"आईला मध्ये आणू नका, मॅडम."

"तू आणलीस, चारचौघांत! मी कोंडून ठेवलं तिला? तिचं अंग पुसताना तू कुठे होतास रे?"

"दार उघडलं असतंस तर आत असतो!"

मालकांनी टेबलावर हात आपटला. "माझ्याकडे दारू चाखायला येता की भांडायला? पद्धत राहू दे, ही मी घेतोय."

ताईनं ग्लासातली उरलेली दारू कोपऱ्यातल्या बादलीत थुंकावी तशी ओतली आणि उठून गेली.

ती मॉल्ट विकली गेली, आणि नुसती गेली नाही तर पुन्हा मागवावी लागली. लोकांना तो वास धुराचा वाटला आणि आवडला. सगळ्यांसमोर भाऊ म्हणाला, "मॅडम, उगाच नाकानं कांदे सोलत होतात."

"विकली गेली म्हणून गंधक गेलं नाही," ती म्हणाली. त्याच आठवड्यात राजीनामा देऊन ती आमच्या स्पर्धकाकडे नोकरीला लागली.

तिथे तिनं पहिल्याच फटक्यात एक अप्रतिम मॉल्ट धरली आणि सगळाच्या सगळा साठा नव्या कंपनीसाठी अडवून टाकला. मी भेटायला गेलो तेव्हा मला पाजली. मध, सफरचंदाची साल, शेवटी मिठाची पुसट चव. "त्याला सांग," ती म्हणाली, "ही त्याला मिळायची नाही."

मी सांगितलं. भाऊ बराच वेळ ग्लास पुसत राहिला. "चांगलीच असणार," तो म्हणाला. "बाई वाईट आहे, नाक वाईट नाही."

मला वाटलं, आता काहीतरी होईल. मोठ्या आशेनं मी लगेच ताईला फोन करून त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

पलीकडून आवाज आला, "मला वाईट म्हणाला? आणि नाकाचं सर्टिफिकेट त्याच्याकडे मागितलं कुणी?"

फोन ठेवला. त्यानंतर दोघांपैकी कुणीही मला निरोप्या म्हणून वापरलं नाही, आणि मीही पुन्हा त्या भानगडीत पडलो नाही.