सीडीत न मावलेली विहीर

केनवडच्या फाट्यावर पुण्याची एसटी यायला वेळ होता, म्हणून आबांनी मला हॉटेलात चहा पाजला. मी आत बाकावर बसलो, ते बाहेर उभ्यानेच प्यायले. "आत या ना," मी म्हटलं. "तुले बसाले भेटून राह्यलं, तू बस," ते म्हणाले. पिंपरीच्या एका कारखान्यात मला हेल्परचं काम लागलं होतं. गाडी आली, आबांनी पेटी टपावर चढवली आणि मी निघालो. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. सुटलो, एवढंच वाटलं.

गावातल्या आणि माझ्यासारख्याच गाव सोडलेल्या मंडळींनो, हे लिहायला बसलो ते आपल्या शाळेची स्मरणिका वाचून. मोबाइलवर ती तुम्हा सगळ्यांकडे आलीच असेल. तीत छापलंय, "आपल्या गावात भेदभाव कधीच नव्हता. कालकथित किसनआबांच्या स्वतःच्या आवाजातल्या सीडीतही अशा एकाही प्रसंगाचा उल्लेख नाही." किसनआबा माझे वडील. ती सीडी मी तयार केली. आणि ते वाक्य धादांत खोटं आहे.

आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे पिंपरीला आले होते, तेव्हाची ही गोष्ट. डोळ्याला हिरवी पट्टी, त्यामुळे टीव्ही बंद. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात नवा कॉम्प्युटर होता. माइक लावला आणि त्यांना म्हटलं, बोला. ते रोज बोलले. बाजारातून घरी येईपर्यंत दोनदा विकलेल्या बकरीची गोष्ट सांगताना तर त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. एका दुपारी मात्र ते विहिरीचं बोलले. धम्मदीक्षा घेतल्यावर आपल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. मग गावानं आपल्याला विहीर बंद केली, पिठाची गिरणी बंद केली, मजुरी बंद केली. माय नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं गढूळ पाणी आणायची. त्याच उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण कमळ हगवणीनं गेली. आबांनी हे अगदी सपाट आवाजात सांगितलं. विहीर कोणी बंद केली, त्यांची नावंही घेतली.

सीडी करतोय, त्यात विहिरीचंही आहे, हे मी उत्साहानं धाकट्या भावाला, सुदामला, फोनवर सांगितलं. तो गावातच राहतो, शेती करतो. तो म्हणाला, "दादा, विहिरीचं नोको टाकू. तू तिकडं फ्लॅटमंदी बसला. मले त्याइच्याच दारावरून वावरात जा लागते."

त्यानं ते रेकॉर्डिंग ऐकलं नव्हतं. मीही त्याला ऐकवलं नाही. फाइली एकेक करून बर्न करायच्या यादीत ओढल्या, विहिरीची तेवढी बाजूला ठेवली. डिस्क किती भरली ते दाखवणारी पट्टी स्क्रीनच्या तळाशी असते. ती अर्ध्यावरच थांबली होती. भरपूर जागा होती. मी बर्नचं बटण दाबलं, मार्करनं 'आबांचे बोल' लिहिलं आणि प्रती गावाला पाठवल्या.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर आबांनी सीडी शेवटपर्यंत ऐकली.

"विहिरीचं काहून नाई आलं रे?"

"सीडीत मावलं नाही, आबा."

"बकरी मावली, अन् विहीर नाई मावली?" ते म्हणाले. आता आबा नाहीत, त्यांचा तो प्रश्न मात्र आहे.

तरीही सांगतो, मी केलं त्याची लाज माझी आहे. त्याचा पुरावा करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? स्मरणिकेच्या संपादकांना मी फोन केला. आपल्याच शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आहेत. म्हणाले, "भाऊ, आमी आमच्या मनानं थोडीच लिवलं? सीडी तुमीच देली ना?" आणि हसले. मी विचारलं, गुरुजी, आमच्या वस्तीत एक तरी म्हातारं माणूस गाठून विचारलंत का? तर म्हणाले, "जुनं उकरून काय भेटते? पोरं आता सोबत क्रिकेट खेळतात." खेळू देत, मला आनंदच आहे. पण पोरं सोबत खेळतात म्हणून माझी माय झिऱ्यावर गेलीच नव्हती असं कसं होईल? माणूस काही बोलला नाही याचा अर्थ त्याच्यावर काही बेतलं नाही, हा कुठला हिशोब? आणि आबा तर बोलले होते.

जुना कॉम्प्युटर माळ्यावर होता. दुरुस्तीवाल्यानं त्यातून ती फाइल काढून दिली. या वेळी मी सगळंच बर्न केलं, बकरीसकट. सीडी आता कोणी वाजवत नाही हे मला कळतं, म्हणून मोबाइलवरही पाठवणार आहे. पण पुरावा म्हणून तुम्ही सीडी दाखवता, तेव्हा तिच्या शेजारी ठेवायला सीडीच हवी.

सगळ्यांत आधी ते सुदामला ऐकवलं, फोनवरूनच. आबांचा आवाज थांबला.

सुदाम म्हणाला, "आपल्याले बहीण होती?"

कमळ गेल्यावर दोन वर्षांनी सुदाम जन्मला. आईबाप तिचं नाव घरात काढत नसत. मी वर उल्लेख केलेल्या त्या एका रेकॉर्डिंगमध्येच काय ते तिचं नाव होतं, आणि तेच मी वगळलं होतं.

"मले कोनी सांगतलंच नाई, दादा," तो म्हणाला. "तू ये. विहारात लावू. स्पीकर मी आनतो. ज्याले राग येईन त्याले येऊ दे."

मी येत्या पौर्णिमेला येतोय. इतकी वर्षं कोणी विचारलं तर मी म्हणायचो, माझं घर आता पिंपरीतच. तिथं माझा फ्लॅट आहे, मुलं आहेत, शेजारी चांगले आहेत. पण पिंपरीबद्दल कोणी काहीही छापलं तरी मी पान उलटून चहा प्यायला बसतो. तुमचं ते एक वाक्य वाचलं तेव्हा मात्र मी माळ्यावर चढलो. एवढा राग मला दुसऱ्या कुठल्याच गावाचा येत नाही.