आली का गंगा?

"आली का गंगा?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, आमचे जनावरांचे डॉक्टर भेटले की पहिला प्रश्न हाच असे. गंगा म्हणजे मूत. गाय न्या, शेळी न्या, आधी त्याची खबर द्यायची.

आमची ओळख बोक्यामुळे झाली. झाईला, आमच्या गावी, अंगणात बोंबील वाळत घातले की राखणीला हा बोका, वाघ्या, असे. सासूबाईंचा तो दुसरा मुलगा, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा लाडका. २०१४ साली एके दिवशी तो चुलीच्या राखेत सारखा बसू लागला, कण्हायचा आणि तसाच उठायचा. "पोट धरलंय गो त्याचं," म्हणत सासूबाईंनी त्याला एरंडेल पाजलं. दुसऱ्या सकाळी त्याला मानही उचलवेना. त्याला पिशवीत घालून आम्ही दोघी एसटीने डहाणूला निघालो. वाटभर सासूबाई पिशवीत हात घालून त्याला कुरवाळत होत्या.

बैलांना सरावलेला डॉक्टरांचा हात वाघ्याच्या पोटावर मात्र अलगद फिरला. "मावशी, पोट नाही, लघवी तुंबलीय." त्यांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन बारीक नळी घातली. थोड्या वेळाने भांड्यात लालसर धार पडली. "आली गंगा," डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी भर दवाखान्यात त्या भांड्याला हात जोडले.

तेव्हापासून वाघ्याला सुकी मासळी बंद आणि घरभर पाण्याच्या वाट्या. पुढे एका लग्नात डॉक्टरांनी मांडवाच्या त्या टोकाकडून विचारलं, "मावशी, आली का गंगा?"

"आली की, सकाळीच."

शेजारच्या म्हातारीला वाटलं, या काशी करून आल्या. तिने तीर्थासाठी ओंजळ पुढे केली.

चार-पाच वर्षांनी वाघ्या पाणी पिऊ लागला तो पितच राहिला. सासूबाईंनी कौतुकाने सांगितलं, "डॉक्टर, आता तर गंगेला पूर आलाय."

ते हसले नाहीत. "मावशी, मूत्रपिंडं थकली की असंच होतं. बरं करणं माझ्या हातात नाही. त्रास कमी करू."

मग दर रविवारी ते स्वतः झाईला येत आणि त्याच्या कातडीखाली सलाईन देत. वाघ्याने तेवढा पावसाळा काढला आणि सासूबाईंच्या मांडीवर डोळे मिटले. तो पावसाळा डॉक्टरांमुळे मिळाला, हे आम्ही विसरणार नाही.

पुढे डॉक्टरांची बदली झाली. आता घरात नवी मांजर आहे. ती राखेत बसली की सासूबाई हातातलं काम टाकून बघत राहतात. ती उठली की राख ओली झाली का पाहतात, आणि रस्त्याकडे तोंड करून सांगतात, "आली हो डॉक्टर, गंगा."