पेंटरकाकांचे दहा आकडे

माझ्या भाचीला घरात सगळे ‘चौकशी’ म्हणतात. बिस्किटांचा पुडासुद्धा मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय ती फोडत नाही. दिवसा दवाखान्यात एक्स-रे काढते आणि उरलेल्या वेळात जगभरच्या हौशी मंडळींबरोबर एक संगणकप्रणाली तयार करते. कुणीही ती फुकट घ्यावी, बदलावी, पुढे वाटावी. कितीतरी शाळांत तीच चालते. त्यातले फॉन्ट चौकशीकडे. अक्षर कुणाचं, वाटायची परवानगी आहे का, हे तपासल्याशिवाय ती काही आत सोडत नाही. आमच्या थिएटरचा दारवान तिच्यापुढे पाणी भरेल.

एका रविवारी पेंटरकाका आले. आमच्या नाटक कंपनीची पोस्टरं तीस वर्षं त्यांनीच रंगवली. त्या अक्षरांवरून त्यांच्या जावयानं फॉन्ट बनवला होता. नव्या आवृत्तीत तो घ्यायची मुदत त्याच संध्याकाळी सहाला संपत होती, पुढची आवृत्ती थेट दोन वर्षांनी.

“तोवर मी असेन-नसेन,” काका म्हणाले. “माझं अक्षर शाळेतल्या पोरांपुढे एकदा बघायचंय.”

चौकशीनं अक्षरं पडद्यावर मोठी केली. तीच ऐट, तोच ब्रशचा फराटा! माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात ती थांबली.

“काका, आकडे तुमचे नाहीत.”

“मग काय शेजाऱ्याचे?”

“अक्षरं ब्रशची आहेत, आकडे पट्टीनं आखलेले.”

तिचं खरं होतं. पोस्टरवर तारीख-वेळेची जागा काका कोरी ठेवायचे, मॅनेजर ती नंतर भरायचा. तीस वर्षांत त्यांनी एक आकडा रंगवला नव्हता. जावयाला फोन लावला. पठ्ठ्यानं विकतच्या फॉन्टमधून आकडे उचलले होते.

“दहाच तर आहेत. कोण बघतंय?”

“मी बघतेय, दादा. ते वाटायचा हक्क आपल्याला नाही.”

“मग आकडे गाळून घे,” काका म्हणाले.

“शाळेतली गणितं कशानं लिहायची?”

अडीच वाजले होते. काका उठले आणि त्यांनी बाह्या सारल्या. “बाई, ब्रश आहे?”

माझ्या मेकअपच्या पेटीत एक चपटा ब्रश होता. शाई घेतली, जुन्या कॅलेंडरांची पानं पालथी घातली. थरथरणारा उजवा हात डाव्या हातानं धरून काका रंगवायला लागले. तिसरी घंटा झाल्यावर विंगेत धडधडायचं, तसं मला धडधडत होतं. एकट्या शून्यानं अकरा कागद खाल्ले. नंतर मात्र हात असा सुटला की मी कागद पुरवताना दमले.

चौकशीनं फोटो काढून आकडे एकेक करून फॉन्टमध्ये बसवले आणि परवान्याचा कागद काकांपुढे ठेवला.

“नीट वाचा. कुणीही वापरील, वाटील, बदलीलसुद्धा.”

काकांनी शब्दन् शब्द वाचून सही केली. पावणेसहाला तिनं बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, फॉन्ट आत गेला होता.

काका पडद्याला नाक लावून बसले होते. “सातची शेपटी हललीय गं.”

“आता वेळ नाही, काका.”

“असू दे. ज्याला खटकेल तो करील सरळ. परवानगी दिलीय ना मी.”