जुन्या मशीनला नवा कान

कानाच्या दवाखान्यात सगळं मोठ्याने बोलावं लागतं. त्यामुळे आत एकाचं काय झालं ते बाहेर बसलेल्या सगळ्यांना कळतं, आणि संध्याकाळपर्यंत किस्सा तयार! पर्वत पाटियाजवळच्या आमच्या दवाखान्यात कचरा कमी करायचं ठरलं, तेव्हापासून तर विचारूच नका. हे खूळ माझ्या असिस्टंटचं, जिग्नाबेनचं.

*

सगळ्यात आधी, वापरून संपलेल्या सेलसाठी बरणी ठेवली, रीसायकलिंगला द्यायला. बमरोलीचे एक काका पिशवीच घेऊन आले. कानाच्या मशीनचे सेल दोन, बाकी रिमोटचे आणि घड्याळांचे. जिग्नाबेन कपाळाला हात लावून गुजरातीत म्हणाल्या, "लो, आखी चालीनो कचरो आपणो!"

काका खुशीत म्हणाले, "उद्या शेजारची चाळ पण आणतो."

*

सोपानदादा कापडाच्या लूमवर कामाला. पाळी सुरू व्हायच्या आधी सुताच्या कांड्या भरून तयार ठेवायची जन्माची सवय. कानाच्या सेलवरचा स्टिकर काढला, हवा लागली, की सेल सुरू होतो. दादांनी सहाच्या सहा स्टिकर एकदम सोलून ठेवले. दीड महिन्याचं पाकीट पंधरा दिवसांत संपलं.

"वाया घालवले ना दादा?"

दादांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "वाया कुठे? स्टिकर जपलेत ना सगळे."

*

मशीन घरी पाठवायला नवे खोके घेणं बंद केलं. बाजारातले साडीचे रिकामे खोके फुकट मिळतात. पलसाण्याच्या एका सुनेने सासऱ्यांचं पार्सल मोठ्या आशेने उघडलं, आणि मला फोन केला. "मॅडम, निदान ब्लाउजपीस तरी टाकायचा."

*

जुनी मशिनं दुरुस्त करून गरजूंना देतो. खानदेशातल्या लीलामावशींनी वारलेल्या यजमानांचं मशीन आणलं, जवळजवळ कोरं. सेल संपतील म्हणून ते डबीतच ठेवायचे.

ते द्यायचं होतं आत्मारामभाऊंना. भाऊ वॉचमन. शेठने बजावलं होतं, ऐकू येत नसेल तर पुढच्या महिन्यापासून येऊ नका. नवं मशीन परवडत नव्हतं आणि घर त्यांच्यावरच चालायचं. मला त्यांची फार काळजी वाटत होती.

भाऊंच्या कानाच्या मापाचा मोल्ड केला, मशीन सेट केलं. मावशी मुद्दाम आल्या होत्या. "चालतं का ते मीच बघते," म्हणाल्या. भाऊंच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि घरातल्यासारखं, अगदी हळू विचारलं, "च्या लेतस का?"

भाऊ वळले. "अर्धा कप चालेल."

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. "आमच्या ह्यांना चारदा विचारावं लागे," म्हणाल्या. मग डोळे पुसून जिग्नाबेनना म्हणाल्या, "अर्धा नको, भाऊंना पूर्ण कप सांगा."