वन्संचा वाटा

आमच्या वन्संनी आयुष्यात एकदाच काही मागितलं, आणि असं मागितलं की पुढे महिनाभर आमच्या घरात जेवताना भांड्यांखेरीज कोणाचा आवाज आला नाही. त्यांनी वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा मागितला. तोही नदीकाठचा. आणि कशासाठी, तर त्यात पुन्हा नदी सोडायची म्हणून.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर "वेळ नव्हता" म्हणायच्या, जसं काही लग्न म्हणजे दुपारच्या सुट्टीत उरकायचं काम. नोकरी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात. नदीतून पाणी आत ओढलं जातं तिथे लोखंडी जाळी असते. तिच्यावर अडकलेला कचरा लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढून काढायचा, पंपाच्या आवाजावर लक्ष ठेवायचं, वेगळा वाटला की मिस्त्रीला बोलवायचं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हेच केलं. कान इतका तयार, की माझं शिलाई मशीन अंगणातून ऐकून "तेल घाल त्याला" म्हणून ओरडायच्या. जीभ त्याहून तयार. आमचं कधी फार पटलं असं मी म्हणणार नाही.

नोकरीला लागल्या तेव्हा पूर ओसरताना त्या जाळीवर बोटभर माशांची पिल्लं मूठमूठ अडकायची. वन्सं ती बादलीत घेऊन परत नदीत सोडायच्या आणि बाकीचे त्यांना हसायचे. मग पिल्लं कमी होत गेली. शेवटी शेवटी जाळीवर पिशव्या यायच्या, चपला यायच्या, एकदा अख्खी खुर्ची आली, पण मासा नाही. मत्स्य खात्यातल्या एक बाई पाण्याचे नमुने न्यायला यायच्या, त्यांना वन्संनी कारण विचारलं. बाईंनी समजावलं, की इथले मासे पुराबरोबर काठच्या सखल जमिनीत शिरतात आणि तिथल्या उथळ पाण्यात, गवताच्या आडोशाला अंडी घालतात. आता दोन्ही काठांना शेतांचे बांध आहेत. नदी आहे, पाणी आहे, बाळंतपणाला जागा तेवढी नाही.

आमच्या शेताचा बांध सासऱ्यांनी घातलेला. वन्सं तेव्हा लहान होत्या, त्यांनीही घमेल्याने माती वाहिली होती. त्या दिवशी घरी येऊन त्या जेवल्या नाहीत, आणि निवृत्त झाल्यावर पहिलं काम केलं ते वाटा मागायचं.

ह्यांना आधी ती चेष्टा वाटली. मग बहिणीचं डोकं फिरलं असं त्यांनी ठरवलं, आणि तसं नाही म्हटल्यावर मात्र खरे रागावले. पिकती जमीन कोणी बुडवतं का, हाच एक धोशा. माझ्याही पोटात दुखलंच, खोटं कशाला बोलू. ते शेत मी इतकी वर्षं आमचं म्हणूनच बघत आले होते. पण वन्सं ऐकतात कसल्या. मोजणीवाला आला, साखळी पडली आणि जमिनीचे दोन भाग झाले. नदी येते तिकडचा वन्संचा, नदी जाते तिकडचा आमचा, मध्ये नवा बांध. वन्संच्या भागात रस्त्याला लागून एक उंच पट्टा होता, तिथवर पूर चढत नाही. तिथे त्या स्वतःसाठी एक खोली आणि पडवी बांधणार होत्या. विटा येऊन पडल्या, खुंट्या ठोकून झाल्या. भावाच्या घरात, आमच्या मागच्या खोलीत दिवस काढलेल्या बाईला आपलं दार किती हवंसं असतं, हे मला त्या खुंट्या बघून कळलं. चहाचा कप घेऊन त्या खुंट्यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहायच्या.

मत्स्य खात्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, आधी जमिनीचा उतार मोजू, मग बांध फोडू. पण पाऊस तोंडावर आलेला आणि वन्संना कसला धीर. त्यांनी जेसीबीवाल्याला बोलावून आपल्या बाजूचा बांध फोडून घेतला. पूर आला, पाणी आत शिरलं, गवतात मासे सळसळले. वन्सं काठावर बसून राहिल्या आणि तेव्हा त्यांचा आनंद बघवत नव्हता, इतका होता.

मग पूर ओसरला आणि घोळ कळला. पाणी आत आलं होतं ते बांध फोडला तिथल्या उंच तोंडातून. उरलेलं साचलं सखल कोपऱ्यात, मधल्या नव्या बांधाला टेकून. आत यायला वाट होती, बाहेर जायला नव्हती. डबकं रोज आटत होतं, पिल्लं तडफडत होती आणि बगळ्यांची चंगळ झाली होती. वन्सं बादल्या भरभरून पिल्लं नदीत नेऊन टाकत होत्या. मीही बादली घेऊन गेले. वन्संसाठी गेले म्हणणार नाही, मला त्या बगळ्यांचा राग आला होता. आमच्या दोघींच्या कंबरा मोडल्या, तरी वाचली ती थोडीच. बाकीची चिखलात सुकली. वन्सं एवढंच म्हणाल्या, की बाईंचं ऐकायला हवं होतं.

बाईंनी येऊन उतार मोजला. सखल कोपऱ्यापासून खाली नदीपर्यंत चर हवा होता, आणि तो आमच्या शेतातून जाणार होता. बाई ह्यांच्याशी बोलायला तयार होत्या, पण वन्सं नको म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्या भावासमोर येऊन बसल्या.

"तुझ्या जमिनीतून चर काढायचाय," त्या म्हणाल्या. "फुकट नको. बदल्यात काय हवं ते सांग."

हे म्हणाले, "रस्त्याकडचा उंच तुकडा दे."

आता नाही म्हणतील आणि विषय संपेल, असा ह्यांचा हिशोब. मी ह्यांना चांगली ओळखते.

"दिला," वन्सं म्हणाल्या आणि उठल्या.

ह्यांचा चेहरा कोणी मुस्कटात मारल्यासारखा झाला. पण शब्द गेला तो गेला, आणि मागे घेतील तर ते ह्या घराण्यातले कसले. दुसऱ्या दिवशी वन्संनी खुंट्या स्वतःच्या हाताने उपटल्या. मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आणि ह्यांच्याशी चार दिवस.

चर झाला. बाईंनी उभं राहून करून घेतला, वन्संनी ह्या वेळी त्यांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नाही. पुढच्या पावसाळ्यात पूर आला, पाणी गवतात थांबून राहिलं आणि दिवस भरल्यावर उतरायला लागलं. आम्ही दोघी चराच्या तोंडाशी उभ्या होतो. सकाळी काहीच नव्हतं. वन्सं चरात अडकलेला काडीकचरा काठीने बाजूला सारत राहिल्या. मग पाण्याला काळी किनार आल्यासारखं झालं. पिल्लं होती. तीळ सांडावेत तशी, संपतच नव्हती. न बोलावता हेही येऊन उभे राहिले होते. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "किती असतील गं ताई?"

"मोजतोस कशाला?" वन्सं म्हणाल्या. "तुझ्या जमिनीतून चाललीत. निम्मी तुझी समज."

हे हसले नाहीत. म्हणाले, "वरचा तुकडा परत घे. खोली बांध."

"व्यवहार झालाय. चर राहू दे, तुकडा राहू दे." त्यांनी डोळे पाण्यावरून काढलेसुद्धा नाहीत.

मला रडू आलं. ह्यांना आलं की नाही ते त्यांनी तोंड फिरवल्यामुळे कळलं नाही.

घरी आल्यावर मी वन्संच्या खोलीत गेले. खाटेखाली आमचं बियाणं, कोपऱ्यात खताची पोती, खिडकीला टेकवलेली फवारणीची टाकी. इतकी वर्षं त्या आमच्या कोठारात झोपत होत्या आणि मी त्याला त्यांची खोली म्हणत होते. मी पोती ओढून बाहेर काढायला लागले. हे दारात आले आणि विचारायला लागले, की आता हे सगळं ठेवायचं कुठे.

"तुमच्या नव्या तुकड्यावर," मी म्हटलं. "शेड बांधा तिथे."